डाकोटाच्या शेपटीवरचं कापड

इरा आणि निहार,

मागच्या रविवारी फोनवर निहारने विचारलं, "आजी, व्हाय डोन्ट यू गाइज जस्ट मूव्ह हिअर?" आणि मी तोंड उघडायच्या आत इरा मागून म्हणाली, "बिकॉज ऑफ दॅट प्लेन, डमी." तुम्ही दोघं हसलात, तुमची आई म्हणाली, "यावर नंतर बोलू," आणि फोन संपला. नंतर कोणीच बोललं नाही. तुमच्या घरी 'नंतर' या शब्दाचा अर्थ काय असतो ते मला आता चांगलं माहीत आहे. म्हणून लिहून ठेवते आहे.

इंग्रजीत लिहू शकले असते. माझी शाळा इंग्रजी, कॉलेज इंग्रजी. नन्सनी घोटून घेतलेलं माझं इंग्रजी अजून तुमच्या मेसेजमधल्या चुका काढतं. पण इंग्रजीत लिहायला बसले की माझ्या हातून अहवाल होतो. आधी प्रस्तावना, मग मुद्दे, मग निष्कर्ष. या गोष्टीला निष्कर्ष नाही, तीच तर चीड आहे. आई वाचून दाखवेल. तिला अडलं तर मला फोन करा, म्हणजे तेवढ्यासाठी तरी फोन येईल.

इथे पुन्हा तो दमट उन्हाळा आला आहे. आमच्या या स्टेट कॉलेज गावाच्या बाहेर पडलं की दोन्ही बाजूंना मका गुडघ्याच्या वर गेलेला दिसतो. सकाळी खिडकीची काच बाहेरून घामेजलेली असते, मिठाचा डबा घट्ट होतो, टॉवेल वाळत नाहीत. विद्यार्थी सुट्टीला गेल्यामुळे कॅम्पसच्या बस रिकाम्या फिरतात. संध्याकाळी गवतातून काजवे उठतात. सगळं दरवर्षीसारखं आहे, फक्त शनिवारी सकाळी आमच्या कपाटातल्या कपबशा थरथरत नाहीत.

त्या थरथरायच्या. आधी कपबशा, मग खिडकीची काच, मग आजोबांची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज. ते घरामागच्या लाकडी डेकवर जाऊन उभे राहायचे आणि मक्याच्या शेतांवरून ते जाडजूड, चंदेरी, दोन इंजिनांचं विमान यायचं. घाई नसल्यासारखं. डाकोटा. दुसऱ्या महायुद्धात सैनिक, औषधं, खेचरं, काय वाटेल ते वाहून नेणारं. ते घरावरून गेलं की आजोबा आत येऊन म्हणायचे, "डावं इंजिन आज जरा खरखरतंय." मला दोन्ही सारखीच ऐकू यायची.

यंदा एकाही शनिवारी ते आलं नाही. तरी आजोबा शनिवारी डेकवर जातात. शेजाऱ्याने गवत कापायचं यंत्र सुरू केलं तरी त्यांची मान वर जाते. मला ते बघवत नाही आणि त्याचा रागही येतो. "अहो, ते लॉनमोवर आहे," मी आतून ओरडते. "माहीत आहे मला," ते म्हणतात, आणि मान वरच.

हे विमान इथल्या एका माणसाचं होतं. वॉल्टर त्याचं नाव. चुनखडीच्या खाणींचा मालक. त्याने आयुष्यभर जुनी लष्करी विमानं जमवली: कुठे शेतातल्या कोठारात पडलेली, कुठे कोंबड्यांनी घर केलेली. ती आणायची, सुटी करायची आणि पुन्हा होती तशी करायची. त्याचा हट्ट एकच होता. जे जसं होतं तसंच हवं. लोखंडाच्या जागी लोखंड, सुताच्या जागी सूत. नवं, टिकाऊ, सोयीचं काही सुचवलं की तो म्हणायचा, "मग नवीन विमानच विकत घ्या ना." विमानतळाच्या कडेला त्याचे मोठे हँगर होते आणि त्यात तो सायकलवरून फिरायचा, एका पंखाखालून दुसऱ्या पंखाखाली, डोकं वाकवून.

आजोबा रिटायर झाले तेव्हा तिथे व्हॉलंटिअर म्हणून जायला लागले. युनिव्हर्सिटीत आयुष्यभर त्यांनी फळ्यावर विमानं काढली. खऱ्या विमानाचा स्क्रू त्यांनी क्वचितच पिळला असेल. नागपूरला लहानपणी धंतोलीच्या गच्चीवरून ते डाकोटा बघायचे. तेच विमान त्यांना म्हातारपणी पेनसिल्व्हेनियात सापडलं, कातडी सोललेलं. पहिल्या दिवशी घरी आले ते नाकाला ग्रीस लावूनच. मी म्हटलं, "तोंड धुवा." म्हणाले, "राहू दे जरा."

मग तो उन्हाळा. इरा, तू तेव्हा रांगत होतीस, निहार तू नव्हतास. तुमची आई, अनघा, दर आठवड्याला देशाच्या दुसऱ्या टोकाहून, बेलव्ह्यूहून, फोन करायची: बाबा, आई, घर विका, इकडे या, इथे देऊळ आहे, दुकानं आहेत, प्रत्येक गल्लीत मराठी माणूस आहे. आणि मी मनाने निघालेही होते. कपाटं आवरली होती. कुठल्या खोक्यात काय, ते लिहून चिकटवलं होतं. तेवढ्यात आजोबा एका दुपारी म्हणाले, "अगं, तुला शिवता येतं ना?"

"आता काय फाटलं?"

"विमान."

विमानाच्या शेपटीवर जो उभा पंखा असतो, त्याचा मागचा हलणारा भाग म्हणजे सुकाणू. डाकोटा बहुतेक धातूचं, पण त्याचं सुकाणू कापडाचं असतं. आत धातूच्या फासळ्यांचा सांगाडा आणि वर घट्ट ताणलेलं सुती कापड. ते कापड प्रत्येक फासळीला टाके घालून बांधावं लागतं, नाहीतर हवेत फुगून फाटेल. मशिनवर हे होत नाही. त्यासाठी हातभर लांबीची सुई असते, मेण लावलेला दोरा असतो आणि दोन माणसं लागतात, सुकाणूच्या दोन्ही बाजूंना एकेक. एकाने इकडून सुई खुपसायची, दुसऱ्याने तिकडून ओढून घ्यायची, फासळीच्या पलीकडून परत खुपसायची. मग गाठ, आणि पुढचा टाका बोटाने मोजलेल्या त्याच अंतरावर. आमच्याकडे गोधडी शिवताना अंतर चुकलं तर फार तर सासू बोलते. इथे हँक बोलायचा.

हँक म्हणजे हँगरचा मुख्य मेकॅनिक. आडवा बांधा, कमरेला पट्टा आणि वर खांद्यांवरून पुन्हा गॅलस. त्याने माझे पहिले टाके बघितले आणि आजोबांकडे वळून म्हणाला, "प्रोफेसर, इतके महिने ही बाई कुठे लपवून ठेवली होतीस?" आजोबांचे टाके बघून मात्र म्हणाला, "हे उसवा."

तर उभ्या सुकाणूच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला तुमचे आजोबा, मध्ये पांढरं कापड. एकमेकांचा चेहरा दिसत नाही, फक्त दिव्यामुळे सावली दिसते. मला अंतरपाट आठवला. तसं मी म्हटलंही. पलीकडून उत्तर आलं, "तेव्हा निदान सुई टोचत नव्हती. ओढ."

"ओढतेय. तुम्ही आधी गाठ सोडा."

"गाठ सोडलीय."

"मग दोरा कुठे अडकलाय?"

"तुझ्या शिस्तीत."

आमचं लग्न झाल्यापासून आम्ही इतकं बोललो नव्हतो. समोरासमोर बसलो की आजोबांना पेपर असतो, मला काम असतं. कापडाआडून मात्र सगळं निघालं. त्यांची वारलेली बहीण, माझी सुटलेली नोकरी, कोणाच्या कुठल्या पाहुण्यांपुढे कोण कोणाला काय बोललं होतं. आणि रोज एकदा बेलव्ह्यू.

"अनघा विचारत होती, कधी येताय म्हणून," मी म्हणायची.

"एवढं सुकाणू होऊ दे."

सुकाणू काही होत नव्हतं, कारण हवा. कापड शिवून झालं की त्यावर एक उग्र वासाचा रोगणासारखा लेप लावतात. तो वाळताना कापड आक्रसतं आणि ढोलासारखं ताठ होतं. पण हवा दमट असली की तो लेप पांढरा पडतो, बुरशी आल्यासारखा, आणि मग सगळं पुन्हा करावं लागतं. त्या उन्हाळ्यात हवा रोजच दमट होती. सकाळी उठून मी बाहेर हात काढून बघायची. चिकट. आजोबा भिंतीवरचं आर्द्रतेचं यंत्र बघायचे. चिकट. आम्ही तरीही जायचो, बसायचो, हँक कॉफी द्यायचा, आम्ही आकाशाकडे बघायचो आणि घरी यायचो. खोकी भरून पडलेली. मला हव्या त्या वाटीसाठी मी तीन-तीन खोकी उघडायची, माझीच चिठ्ठी वाचून. वरणभात खायला येणारे विद्यार्थी विचारायचे, "काकू, तुम्ही खरंच विमान शिवताय? यार!" मी म्हणायची, शिवत नाहीये, वाट बघतेय.

मग एकदा कोरडा वारा सुटला, सलग काही दिवस. लेप बसला, त्यावर चंदेरी रंग बसला. टिचकी मारली की डुम्म आवाज यायचा. सुकाणू शेपटीवर चढवायचा दिवस ठरला आणि त्या सकाळी आजोबांनी काय केलं ते ऐका. हे तेच आजोबा, ज्यांनी आमच्या पहिल्या नव्या गाडीला मला कुंकू लावू दिलं नव्हतं. "कुंकवाने मायलेज वाढत नाही," असं डीलरच्या समोर म्हणाले होते. त्यांनी माझ्या देवघरातली कुंकवाची कोयरी खिशात घालून आणली होती. वॉल्टर, हँक, सगळे बघत असताना त्यांनी पाण्यात बोट बुडवलं, कुंकवात बुडवलं.

"अहो, रंग अजून—"

लावलंसुद्धा. सुकाणूच्या खालच्या कोपऱ्यात, अंगठ्याएवढं. आणि मग हात जोडून उभे राहिले. नागपूरच्या गच्चीवरचा मुलगाच तो, फक्त केस पांढरे.

रंग पुरता वाळला नव्हता. कुंकू आत मुरलं. हँकने फडक्याने पुसलं, तर ते पसरलं. त्याने वरून चंदेरी रंगाचा एक हात दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबी डाग पुन्हा वर आलेला. पुन्हा हात, पुन्हा डाग. तो लाल रंग प्रत्येक थरातून वर चढत होता. हँक कमरेवर हात ठेवून म्हणाला, "प्रोफेसर, तू माझ्या विमानाला नेमकं काय लावलंस?"

आजोबा म्हणाले, "शुभेच्छा."

"तुझ्या शुभेच्छा फारच चिवट आहेत."

आणखी रंग चढवला तर सुकाणू जड होऊन तोल बिघडला असता. त्यामुळे डाग राहिला. प्रत्येक गोष्ट जशीच्या तशी हवी म्हणणाऱ्या वॉल्टरने सायकलवरून उतरून तो बराच वेळ न्याहाळला आणि पुन्हा सायकलवर बसून गेला. पुढे शाळेची मुलं हँगर बघायला आली की हँक त्यांना सांगायचा, ही शत्रूची गोळी चाटून गेल्याची खूण. मुलं त्या डागाचे फोटो काढायची.

सुकाणू झालं. मी खोक्यांकडे बघितलं. आजोबा म्हणाले, "आता एकदा उडू दे." उडालं. मग म्हणाले, "हा सीझन होऊ दे." मग कापडाची दरवर्षीची तपासणी, मग वॉल्टरचं गुडघ्याचं ऑपरेशन, मग पुढचा उन्हाळा. मी एकेक खोकं उघडून सामान परत कपाटात लावलं. तुम्हाला राग येत असेल तर मलाही येतो. तुम्ही चालायला, बोलायला, सायकल चालवायला स्क्रीनवर शिकलात. दर उन्हाळ्यात आम्ही म्हणायचो, तुम्हीच या, डाकोटा दाखवतो, डाग दाखवतो. दर उन्हाळ्यात एक तिकीट काढलं जायचं आणि मग सॉकर कॅम्प, नाहीतर कोडिंग कॅम्प, नाहीतर आईच्या ऑफिसातली सॉफ्टवेअरची रिलीज. "आई, या वर्षी कॅन्सल केलं गं, नेक्स्ट समर नक्की." एकदा मी फोटो पाठवला तर इराचं उत्तर आलं, "कूल, बट इट्स जस्ट अ प्लेन, आजी." मी ते उत्तर आजोबांना दाखवलं नाही.

मागच्या पानगळीत वॉल्टर गेला. त्याची मुलं दुसऱ्या राज्यात, त्यांना विमानांशी देणंघेणं नाही. हँगरला कुलपं लागली. आमची ओळखपत्रं दाराच्या यंत्राला लावली तर लाल दिवा. आतल्या वस्तू एकेक करून विकल्या जाऊ लागल्या. त्या मुलांवर मी रागावू तरी कशी? आमच्याच घरातलं काय काय अनघाला नको असणार, ते मला दिसतंच आहे.

यंदाच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला हँकचा फोन आला. तो आता तिथे नोकरीला नाही, पण विमान सोपवताना त्याला बोलावून घेतलं होतं. डाकोटा टेक्ससच्या कोणीतरी घेतलं. ना तुमच्याकडे, ना आमच्याकडे. त्यांचा तपासनीस येणार, कापड दाबून बघणार. त्यासाठी पेनासारखं एक यंत्र असतं. ते टेकवून दाबायचं. कापड कुजलं असेल तर टोक आरपार जातं. तसं झालं तर सगळं फाडून टाकायचं आणि हल्लीचं कृत्रिम कापड लावायचं, जे टाक्यांशिवाय चिकटवता येतं.

आजोबांनी फोन ठेवला. "दाबू दे," म्हणाले. पण त्या दिवशी जेवले नाहीत नीट.

आजोबांचं एकच मागणं होतं. विमान जाण्याआधी एकदा त्या सुकाणूजवळ उभं राहायचं. बाकी काही नाही. मी म्हटलं, एवढं मी मिळवून देते. आयुष्यभराचं इंग्रजी कशासाठी आहे? वारसांच्या वकिलाच्या ऑफिसला मी नीट परिच्छेद पाडून ई-मेल केली. आपोआप येणारं उत्तर आलं. फोन केला, रेकॉर्ड वाजली. पुन्हा केला, एक गोड आवाजाची मुलगी म्हणाली, "मॅम, व्हॉलंटिअर्ससाठी आमच्याकडे काही पॉलिसी नाहीये." मी म्हटलं, पॉलिसी नको, पाच मिनिटं हवीत. म्हणाली, "आय टोटली अंडरस्टँड." ज्याला काहीही करायचं नसतं त्याला सगळं टोटली समजतं, हे मी या वयात शिकले.

तपासणी झाल्यावर हँकचा पुन्हा फोन आला. कापड टिकलं. तपासनिसाने ठिकठिकाणी दाबलं, डागावरसुद्धा. टोक आत गेलं नाही. तो टाक्यांवरून बोट फिरवत म्हणाला म्हणे, हे कोणी शिवलंय? हँक म्हणाला, "एका प्रोफेसरच्या बायकोने. प्रोफेसरचे आम्ही उसवले." आता विमान याच आठवड्यात कधीतरी निघणार होतं. दिवस कोणी सांगत नव्हतं. हवा बघून ठरणार होतं.

मग मी फोनला चिकटलेच. रोज सकाळी. नंबर दाबा, पर्याय निवडा, थांबा, संगीत. काल सकाळी हवा अचानक कोरडी झाली, आकाश धुतल्यासारखं. मी स्वयंपाकघरात फोन कानाला लावून संगीत ऐकत होते. आजोबा डेकवर. आणि संगीत थांबून एका खऱ्या, वयस्कर बाईचा आवाज आला, "तुमच्यासाठी काय करू शकते?" इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी हे विचारलं होतं. मी सांगायला लागले. नाव, विमान, सुकाणू, नवऱ्याचं वय. ती ऐकत होती. खरोखर ऐकत होती. आणि माझ्या मागे कपाटात कपबशा थरथरायला लागल्या.

मला कळलं. पण मी फोन ठेवला नाही. नन्सनी शिकवलेलं अंगात इतकं मुरलं आहे की समोरचं माणूस बोलत असताना मी फोन ठेवूच शकत नाही. ती म्हणत होती, "आय थिंक वी कॅन अरेंज समथिंग," आणि काच वाजत होती. मी "थँक यू, थँक यू सो मच" म्हणत दाराकडे धावले, दार सरकवलं, डेकवर आले. मक्यावर वारा होता. आकाश रिकामं.

आजोबा कठड्याला धरून उभे होते.

"गेलं?" मी विचारलं.

"गेलं. अगदी घरावरून. हँकने सांगितलं असेल पायलटला."

"डाग दिसला?"

"दिसला."

"इतक्या उंचावरून? तुमच्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना?"

"दिसला म्हटलं ना."

माझ्या हातातल्या फोनमधून ती बाई अजून बोलत होती. गुरुवारी दुपारी चालेल का, विचारत होती. मी तिला म्हटलं, आता नको. तिला काही टोटली समजलं नाही, आणि त्यामुळेच मला ती आवडली.

"मग आता?" मी आजोबांना विचारलं.

"आता काय?"

"आता बेलव्ह्यू."

ते खुर्चीत बसले. "आधी चहा," म्हणाले. मी आत येऊन इतक्या जोरात कपाट उघडलं की एका बशीचा टवका उडाला. मग चहा केला. आलं घालून, त्यांना आवडतो तसा.

तुम्ही विचारलंत, आम्ही तिकडे का येत नाही. इतकी वर्षं एका विमानामुळे आलो नाही. आता ते विमान नाही आणि मी अजून इथेच कप विसळते आहे. याचं उत्तर मला देता येत नाही, आजोबा देत नाहीत. तो एक उन्हाळा धरून ठेवण्यासाठी आम्ही तुमचे इतके उन्हाळे सोडले, हे बरोबर होतं का? मला विचाराल तर नाही. पण त्या कापडाआडून येणारा आवाज मला पुन्हा ऐकायला मिळणार असेल तर मी पुन्हा खोकी उघडेन, हेही खरं. दोन्ही खरं आहे आणि दोन्हींचा मला त्रास होतो.

डाकोटा टेक्ससला नीट उतरलं, असं हँकने आज सकाळी कळवलं. सुकाणूवर आमचं कापड आहे, टाके घट्ट आहेत, खालच्या कोपऱ्यात डाग आहे. लांब सुई माझ्या शिवणाच्या डब्यात आहे, सरळ आणि गंज न चढलेली. आजोबा डेकवर आहेत.